व्हिक्ट्रॉन स्मार्टशंट ५०० : मोटरहोमची बॅटरी बदलायच्या आधी हा लावा

ज्यांच्या मोटरहोममध्ये, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीत, रात्री हीटर मधेच बंद पडतो, नळ उघडला की पंप कण्हतो आणि दिवे पिवळे पडतात, त्यांनी नवीन लेजर बॅटरी मागवायच्या आधी दहा मिनिटं काढून हे वाचा. लेजर बॅटरी म्हणजे मागच्या घराची बॅटरी, इंजिन सुरू करते ती नाही. मी इथे रिव्ह्यू बॅटरीचा नाही तर स्मार्टशंटचा, म्हणजे बॅटरीत किती करंट आला-गेला ते मोजणाऱ्या मीटरचा, लिहितेय, कारण आमची बॅटरी गेलीय का, किती गेलीय आणि कशामुळे गेली या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आम्हाला त्याच्याकडूनच मिळाली, बॅटरी विकणाऱ्यांकडून नाही.

आधी थोडं आमच्याबद्दल. आम्ही लीड्सला राहतो, गाडी सेकंडहँड घेतलेली, फियाट डुकाटोवर बांधलेली, युरो ५ या प्रदूषण नियमाच्या काळातली, पॅसेंजर सीटखाली एक ११० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे १ अँप किती तास पुरेल त्याचं माप) लेड-ॲसिड बॅटरी. कॅम्पसाईटवर हूकअप असेल, म्हणजे साईटच्या लाईटची ती निळी १६ अँपची वायर लावलेली असेल, तर सगळं एकदम छान, काही कळतच नाही. पण आम्हाला आवडतात त्या कॅरॅव्हॅन क्लबच्या छोट्या साईट्स, शेतकऱ्याच्या कुरणात जास्तीत जास्त पाच गाड्या, शेजारी मेंढ्या, आणि तिथे बऱ्याच ठिकाणी लाईटच नसते. तिथे गेलं की खरं काय ते बाहेर यायचं. संध्याकाळी पॅनलवर भरलेली दाखवणारी बॅटरी पहाटेपर्यंत झोपायची, गॅसचा हीटर असला तरी त्याचा पंखा आणि सर्किट १२ व्होल्टवरच चालतं, त्यामुळे गॅसची बाटली भरलेली असून पोरं गारठायची.

एका ठिकाणी दाखवली तर त्यांनी मीटर लावला, १२.७ व्होल्ट आलं, म्हणाले बॅटरी उत्तम आहे, चार्जर बदला. दुसरीकडे गाडीत डोकावून न बघताच सांगितलं की दोन नवीन बॅटऱ्या टाका आणि वर सोलर वाढवा. दोघांची नावं लिहीत नाही, त्याची गरजही नाही, पण दोघांच्या सल्ल्यात मिळून हजार पाउंड तरी गेले असते आणि दोघांनीही एकसुद्धा अँप मोजला नव्हता, याचा मला खरंच राग आला.

आता १२.७ व्होल्टचं काय ते सांगते, कारण सगळा घोळ इथेच होतो. लेड-ॲसिड बॅटरी चार्जरवरून काढून काही तास शांत ठेवली, काही लावलं नाही, तर १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली म्हणजे तिला वापरून घ्यायलाच नको. पण चार्जरवरून काढल्या काढल्या मोजलं तर प्लेटांवर वरवरचा चार्ज असतो आणि मरायला टेकलेली बॅटरीसुद्धा झकास आकडा दाखवते. आणि शांत ठेवून मोजली तरी व्होल्टेज फक्त एवढंच सांगतं की आत्ता ती किती टक्के भरलीय, ते टक्के मुळात केवढ्याचे हे सांगत नाही. पाण्याच्या टाकीत अर्ध्याच्या वर गाळ साचला तरी वरून बघणाऱ्याला टाकी काठोकाठ भरलेलीच दिसते, तसं आहे ते. गाळ म्हणजे इथे लेड सल्फेट. बॅटरी अर्धवट रिकामी पडून राहिली की प्लेटांवरचं सल्फेट कडक होत जातं, मग तेवढा भाग परत चार्जच होत नाही, आणि हिवाळाभर ड्राइव्हवेवर उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये नेमकं हेच होतं.

तर स्मार्टशंट. ही एक हातात मावणारी वस्तू आहे, काळा प्लास्टिकचा बेस आणि दोन्ही टोकांना जाडजूड बोल्ट, एका टोकावर बॅटरी मायनस लिहिलेलं आणि दुसऱ्यावर सिस्टिम मायनस. बॅटरीच्या मायनसमधून येणारा-जाणारा सगळा करंट त्यातल्या धातूच्या पट्टीतून जातो, ५०० अँप गेले तर पट्टीवर ५० मिलिव्होल्टचा फरक पडतो, त्या प्रमाणात तो कमी करंटही मोजतो, आणि आत किती गेले बाहेर किती आले याचा हिशोब ठेवतो. स्क्रीन नाही, सगळं ब्लूटूथने फोनवरच्या व्हिक्ट्रॉन कनेक्ट ॲपमध्ये दिसतं. मला तो शंभर पाउंडांच्या आत-बाहेर पडला.

बसवायला अवघड नाही पण एक गोष्ट नीट समजून घ्या. आमच्या बॅटरीच्या मायनसवर तीन काळ्या वायरी होत्या, एक जाड चेसिसला जाणारी, एक चार्जरकडून येणारी, आणि एक बारीक, सोलर कंट्रोलरची, कुणीतरी नंतर चिकटवलेली. या तिन्ही काढून सिस्टिम मायनसच्या बाजूला लावायच्या आणि बॅटरीच्या मायनसवर फक्त एकच वायर ठेवायची, शंटला जाणारी. एक जरी वायर थेट बॅटरीवर राहिली तरी तिच्यातून जाणारा करंट मोजलाच जात नाही आणि पुढचे सगळे आकडे फुकट. काम सुरू करताना हूकअप काढा, सोलर पॅनल कंट्रोलरपासून आधी सोडवा, मग बॅटरीचं मायनस, मग प्लस, आणि परत लावताना उलट, म्हणजे प्लस, मग मायनस आणि पॅनल सगळ्यात शेवटी. दहाचा पाना प्लसवर असताना सीटच्या लोखंडी बेसला टेकला तर काय होईल ते सांगायला नको, म्हणून पान्याला मी इन्सुलेशन टेप गुंडाळते आणि अंगठी-बांगड्या काढून ठेवते. शंटची बारीक लाल वायर फ्यूजसकट बॅटरीच्या प्लसला जाते, आणि अजून एक वायर इंजिनच्या बॅटरीच्या प्लसला लावता येते, म्हणजे तिचं व्होल्टेज पण ॲपमध्ये दिसतं. ती जरूर लावा, फार उपयोगी आहे.

ॲपमध्ये पहिलं काम म्हणजे कपॅसिटी भरणं. डबा मुळात २०० एएच धरून येतो, आमची ११० ची, ते बदललं नाही तर टक्केवारीला काही अर्थच राहत नाही. बाकी सेटिंग लेड-ॲसिडसाठी आहे तशी चालते.

आता खरी गंमत, म्हणजे तपासणी. सगळ्यात आधी गाडीतलं सगळं बंद केलं, दिवे, पंप, हीटर, टीव्ही, आणि ॲपमध्ये बघितलं तर शून्य नाही, ०.२ अँप जातायत. तुम्ही म्हणाल ०.२ म्हणजे काय, काहीच नाही. पण दिवसाचे ४.८ एएच झाले, महिन्याचे १४४, आणि आपली बॅटरी ११० ची. म्हणजे गाडी हिवाळ्यात महिनाभर नुसती उभी राहिली तरी बॅटरी पूर्ण झोपणार. एकेक फ्यूज काढून बघितलं तेव्हा टीव्हीच्या अँटेनाचा बूस्टर, रेडिओचा स्टँडबाय आणि ट्रॅकर असे तिघे मिळून हे खात होते. आधीच्या मालकाच्या काळात बॅटरी कशाने मेली असेल हे मला तिथेच कळलं. या बाबतीत चार्जर बदलून काय होणार होतं, सांगा.

मग चार्जर बघितला, कारण एकाने त्याच्यावरच खापर फोडलं होतं. हूकअपवर लावल्यावर व्होल्टेज १४.४ पर्यंत नीट चढलं, म्हणजे चार्जर त्याचं काम करतोय. पण दमलेली बॅटरी लावूनही करंट बघता बघता खाली आला, वीसचा दहा, दहाचा दोन, आणि ॲपप्रमाणे आत जेमतेम चाळीसच्या आसपास एएच गेले होते. चांगल्या रिकाम्या बॅटरीला एवढ्यात भरायचं कारणच नाही. आत जागाच उरलेली नाही, हे त्याचं सरळ उत्तर.

शेवटची टेस्ट लोडची. बॅटरी पूर्ण भरली, रात्रभर सगळ्यापासून तोडून ठेवली (सकाळी १२.७ वरून १२.४ वर आली होती, ही पण वाईटच खूण), मग पुन्हा भरून, थोडी विश्रांती देऊन तिच्यावर साधारण ५ अँपचा लोड लावला. मी गाडीच्या हेडलाईटचा ५५ वॉटचा बल्ब आणि एक छोटा दिवा वापरला, बल्ब तापतो म्हणून विटेवर ठेवला. ५ च का, तर बॅटरीवर लिहिलेले एएच बहुतेक वेळा २० तासांच्या हिशोबाचे असतात, ११० एएच म्हणजे साडेपाच अँपने २० तास, १०.५ व्होल्ट येईपर्यंत. काही बॅटऱ्यांवर १०० तासांच्या हिशोबाचा मोठा आकडा छापलेला असतो, घेताना ते लेबल नीट वाचा, तो आकडा ऐकायला भारी वाटतो पण तुलना करायची तर २० तासांचाच घ्यायचा.

आमची बॅटरी सात-आठ तासांतच १०.५ ला आली. आणि त्या क्षणी ॲपमध्ये काय दिसत होतं, तर वर ६५ टक्के आणि खाली १०.५ व्होल्ट. शंटच्या मते ११० मधले फक्त ३८ एएच गेलेत म्हणजे ७२ शिल्लक हवेत, आणि बॅटरी म्हणतेय माझ्याकडे काही नाही. हा जो दोघांच्या सांगण्यातला फरक आहे ना, तेच तुमचं निदान. जितकी टक्केवारी शिल्लक असताना बॅटरी खाली बसते, तेवढी कपॅसिटी मेलेली. नुसती टक्केवारी बघून शंट खोटं सांगतोय म्हणणारे लोक भेटतात, त्यांनी हे समजून घ्यायला पाहिजे. आणि ही टेस्ट संशय असलेल्या बॅटरीवरच करा, चांगल्या लेड-ॲसिडला उगाच १०.५ पर्यंत नेऊ नका, तिला अर्ध्याच्या खाली नेलं की तिचं आयुष्य कमीच होतं.

इथे एक फार महत्त्वाचं. एक सेल शॉर्ट झालेला असेल तर बॅटरी भरूनही साडेदहाच्या आसपासच राहते, सहा सेल प्रत्येकी दोनच्या थोडं वर, त्यातला एक गेला की तेवढंच उरतं. अशी बॅटरी चार्जरला लावून ठेवली तर ती गरम होते, फुगते, आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाईड असतो आणि विषारी असतो. वास आला तर चार्जर बंद करा, दारं उघडा, पोरांना घेऊन बाहेर जा, नंतर बघू. आणखी एक, चार्ज होताना निघणाऱ्या हायड्रोजनने कार्बन मोनॉक्साईडचा अलार्मसुद्धा वाजू शकतो. अलार्म वाजला तर आधी बाहेरच पडायचं, त्यात शंका नको, पण गॅसवाल्याने सगळं तपासून काही सापडलं नाही असं सांगितलं तर सीटखालच्या बॅटरीला हात लावून बघायला सांगा, अलार्म खराब आहे म्हणून काढून टाकू नका.

मग बदलायची कुठली. इथे माझं मत स्पष्ट आहे. तुम्ही कायम हूकअपवर राहत असाल तर साधी चांगली लेड-ॲसिड किंवा एजीएम (न सांडणारी, बंद लेड-ॲसिड) घ्या, पैसे वाचवा. यूकेत एनसीसी या कॅरॅव्हॅन उद्योगाच्या संघटनेची लेजर बॅटऱ्यांसाठी ए, बी, सी अशी वर्गवारी आहे, ए म्हणजे लाईटशिवाय जास्त राहणाऱ्यांसाठी, सी म्हणजे साध्या थोड्या वापरासाठी, ती यादी बघूनच घ्या. आम्हाला मात्र लाईटशिवाय राहायचं असतं म्हणून आम्ही १०० एएचची लिथियम घेतली, लिथियम आयर्न फॉस्फेट. लेड-ॲसिडमधले निम्मेच वापरायचे म्हणजे ११० मधले ५५, हिच्यातले बहुतेक सगळे वापरता येतात. दुसरं वजन. जुनी उचलताना नवऱ्याची कंबर धरली होती, नवी मी एका हाताने सीटखाली सरकवली, अकरा-बारा किलोची. वजनाचं आपल्या लोकांना जास्तच बघावं लागतं, कारण १ जानेवारी १९९७ पासून इथे टेस्ट पास झालेल्यांना साध्या कारच्या लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतचीच पेट्रोल-डिझेलची गाडी चालवता येते, आणि पाणी, गॅस, सायकली, तांदळाची गोणी, कुकर असं सगळं भरून कुटुंब बसलं की तो आकडा लगेच जवळ येतो.

पण लिथियम नुसती जुन्याच्या जागी ठेवून मोकळं होता येत नाही. चार्जर १४.२ ते १४.६ देणारा हवा आणि त्यात बॅटरी रिपेअरचा जो मोड असतो तो बंद हवा. गाडी चालताना अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनवरच्या जनरेटरकडून, ती हवा तेवढा करंट ओढते, जुन्या बारीक वायरी आणि अल्टरनेटर दोन्ही तापतात, म्हणून मधे बी-टू-बी चार्जर (इंजिनच्या बॅटरीकडून लेजर बॅटरीला ठरावीकच करंट देणारा) टाकला, ३० अँपचा. युरो ६ गाड्यांमध्ये बऱ्याचदा स्मार्ट अल्टरनेटर असतो, तो मधेच व्होल्टेज खाली आणतो, तिथे तर बॅटरी कुठलीही असो, बी-टू-बी शिवाय ती नीट भरतच नाही. आणि शून्य डिग्रीच्या खाली लिथियम चार्ज करायची नसते, बॅटरीतलं बीएमएस, म्हणजे तिला सांभाळणारं सर्किट, चार्जिंग तोडतं, आमची सीटखाली गाडीच्या आत असल्यामुळे हीटरची ऊब तिला मिळते, पण बाहेरच्या लॉकरमध्ये असेल तर हीटिंगवाली घ्या. इन्शुरन्सवाल्यांना बदल कळवून ठेवा. जुनी बॅटरी आम्ही कौन्सिलच्या रिसायकलिंग सेंटरला दिली, तिथे घेतात.

बॅटरी बदलली म्हणून शंटचं काम संपलं असं नाही, उलट लिथियमला तो जास्तच लागतो. लिथियमचं व्होल्टेज भरलेली असो नाहीतर पाव उरलेली असो, तेराच्या आसपासच फिरत राहतं, त्यामुळे गाडीच्या पॅनलवरचे हिरवे-पिवळे दिवे बघून काहीही कळत नाही. सेटिंग मात्र बदला, कपॅसिटी १००, भरल्याचं व्होल्टेज १४ च्या आसपास, प्युकर्ट (जास्त करंट ओढला की कपॅसिटी किती घटते त्याचा आकडा) १.०५ आणि चार्ज एफिशियन्सी ९९ टक्के.

आता रोज काय फरक पडला ते सांगते. हीटर रात्रभर चालला तरी सकाळी ॲप उघडून काय खर्च झालं ते कळतं, आणि पोरं टीव्ही लावू का विचारतात तेव्हा अंदाजाने नाही, आकडा बघून हो किंवा नाही सांगता येतं. आणि मिक्सर! भारतातून आणलेला ७५० वॉटचा मिक्सर इन्व्हर्टरवर लावला की जुन्या बॅटरीवर इन्व्हर्टर लगेच टीं टीं करून बंद पडायचा. आता खोबऱ्याची चटणी फिरवताना ॲपमध्ये साठच्या वर अँप दिसतात, व्होल्टेज थोडंसंच खाली जातं, आणि मिनिटभर फिरवलं तरी सगळं मिळून साधारण १ एएच जातो. डोंगरात, लाईट नसलेल्या कुरणात, गरम इडली आणि ताजी चटणी. या एका गोष्टीसाठी मी या डब्याला पूर्ण मार्क द्यायला तयार आहे. आणि मिक्सरपेक्षा रात्रभर चालू राहिलेली बारीकसारीक वस्तूच जास्त खाते, हेही त्याच्यामुळेच डोळ्यांनी बघितलं.

उणिवा पण लिहिते. स्क्रीन नसल्यामुळे फोनची बॅटरी संपली की तुम्ही आंधळे, आणि आईवडील गाडीत आले की त्यांना ॲप उघडून बघणं जमत नाही, ते विचारतात आणि आपण सांगायचं. ज्यांना भिंतीवर आकडा हवा त्यांनी याच कंपनीचा स्क्रीनवाला बीएमव्ही घ्यावा, त्यात रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, पण असतो, इथे नाही. ब्लूटूथला लोखंडाचा अडथळा होतो, सीटच्या बेसमध्ये खोल बसवला तर मागच्या बेडवरून कनेक्ट व्हायला वेळ लागतो, शक्यतो उघड्या बाजूला बसवा. ॲपच्या हिस्टरीमध्ये सगळ्यात खोल डिस्चार्ज आणि सगळ्यात कमी व्होल्टेज असे ठरावीक आकडे तेवढे मिळतात. आणि बॅटरी बरेच दिवस पूर्ण भरली नाही तर टक्केवारी हळूहळू चुकायला लागते, अधूनमधून एकदा शंभरला नेऊन आणा. साधा मॉडेल पाण्यापासून सुरक्षित नाही, बाहेरच्या लॉकरसाठी आयपी ६५ वाला वेगळा मिळतो, तो थोडा महाग आहे.

मागवताना एक लक्षात ठेवा, बॉक्समध्ये फ्यूजवाल्या बारीक लाल वायरी येतात पण बॅटरीच्या मायनसपासून शंटपर्यंतची जाड काळी केबल येत नाही. ती वेगळी घ्यावी लागते, तुमच्या बाकीच्या मायनसच्या केबलपेक्षा बारीक चालणार नाही, इन्व्हर्टर असेल तर त्याच्या केबलएवढी जाड, दोन्ही टोकांना क्रिम्प केलेले लग (दाबून बसवलेल्या धातूच्या कड्या), शंटच्या बाजूचा एम१० बोल्टचा आणि बॅटरीच्या बाजूचा तुमच्या टर्मिनलला बसेल तसा. लांबी सीटखाली मोजून मगच ऑर्डर करा.